नऊ भाग, सात गज

बाबा, तुम्ही एक सही केली नाहीत, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. तुम्हाला जाऊनसुद्धा तीस वर्षं उलटली, म्हणजे माझा राग तुमच्यापेक्षा जास्त जगला. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर काय रागवायचं. मी म्हणते, जिवंत होतात तेव्हा रागवायची सोय कुठे होती? तुम्ही मांगराच्या, म्हणजे तुमच्या सुतारकामाच्या खोपटाच्या, दारात रंधा हातात घेऊन उभे असायचात आणि घरातली भांडीसुद्धा आवाज न करता घासली जायची. आता तुम्ही मधे बोलू शकत नाही, तेव्हा सगळं एकदा नीट सांगते. सांगून काही व्हायचं नाही, ते मला ठाऊक आहे.

मी सध्या काय करते ते तुम्हाला माहीत नाही. कुडाळला एका छोट्या कारखान्यात काजू फोडायची, चाळायची, वाळवायची यंत्रं बनतात. त्यांचे नकाशे मी संगणकावर काढते. एका यंत्रात चारपाचशे सुटे भाग असतात आणि त्यातले बरेचसे एकसारखे: चाळणीची भोकं, साखळीवरचे डबे, झाकणाभोवतीचे बोल्ट. ते एकेक काढत बसायचं नसतं. एक नग नीट काढायचा, त्याच्या जागी बसवायचा, आणि मग सांगायचं की या दिशेला, एवढ्या अंतराने, असे इतके. डोळ्याचं पातं लवायच्या आत रांग उभी राहते. पुढे कधी पहिल्या नगाचं भोक मोठं केलं तर साऱ्या रांगेचं आपोआप मोठं होतं, आणि पहिल्यात चूक असेल तर तीही इमानदारीने सगळ्यांत उतरते. 'असे इतके' हा आकडा विचारला जातो तेव्हा त्यात पहिला नग धरलेला असतो. नवीन पोरं इथे हमखास चुकतात. डबे किती हवेत आणि डब्यांच्या मधले गाळे किती, यात त्यांचा गोंधळ होतो आणि शेवटचा डबा साखळीच्या बाहेर लोंबतो. मी एकदाही चुकले नाही. ती शिकवणी मला तुमच्या मांगरात मिळाली, आणि फी जरा जास्तच पडली.

ओरोसला जिल्ह्याचं ठाणं उभं राहत होतं ती वर्षं. माळावर कचेऱ्या, नोकरमाणसांच्या वसाहती, सगळीकडे जांभ्या चिऱ्यांचे ढीग. आपल्या कट्टा गावाच्या तिठ्यावर ज्याच्या त्याच्या तोंडी ओरोसचं काम. एका ठेकेदाराने तुम्हाला चव्वेचाळीस खिडक्यांच्या चौकटी सांगितल्या, सगळ्या एका मापाच्या. आयुष्यभर तुम्ही घरांना आणि देवळांना चौकटी करत आलात, पण गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहून हाताने दाखवणार आणि तुम्ही मान डोलावणार, अशी ती पद्धत. इथे माणूस नाही, कागद आला. निळ्या रेघांचा, अमोनियाचा वास मारणारा, इंग्रजी अक्षरांचा, आणि मापं मिलिमीटरमध्ये. तुम्हाला ठाऊक फूट, इंच आणि सूत, इंचाचा आठवा भाग. तुम्ही तो कागद दोन दिवस घडी घालून देवाच्या फळीवर ठेवलात, जणू देव वाचून सांगणार होता. तिसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारातून स्टीलची एक फूटपट्टी घेऊन आलात, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिलिमीटर असलेली, आणि ती माझ्यापुढे टाकून म्हणालात, वाच. मी एकोणीस वर्षांची, बारावी होऊन घरी बसलेली. तुम्ही मला स्वतःहून आणून दिलेली ती पहिली वस्तू. मी दुपारभर जेवायला उठले नाही.

नकाशा काढणाराही हुशार. चौकट पुरी काढली होती, पण खिडकीचे उभे लोखंडी गज मात्र दोनच. दोन गज दाखवून पुढे तुटक रेघ ओढलेली आणि खाली एक ओळ: नऊ समान भाग. एकसारख्या गोष्टी सगळ्या काढत बसायच्या नाहीत ही त्या धंद्याची रीतच, पण ते मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा मी नुसता हिशेब केला. मोकळी रुंदी नऊशे मिलिमीटर, नऊ भाग, प्रत्येक भाग शंभरचा, आणि नऊ भाग पाडायला मधे आठ गज. तुम्हाला मी सांगितलं, नऊ समान भाग. आठ गज हे शब्द मी उच्चारले नाहीत, कारण ते सांगायची गरज असेल असं मला वाटलंच नाही.

कामावर देखरेख करायला एक तरुण इंजिनिअर यायचा, घाटावरचा. मी नकाशा वाचते हे पाहून त्याला गंमत वाटली. आधी गंमत, मग कौतुक. दुसऱ्या खेपेला येताना त्याने एक अर्ज आणला, नकाशे काढायच्या सरकारी कोर्सचा. दोन वर्षं शिकायचं, वसतिगृहात राहायचं, आणि ओरोसला कचेऱ्या होतायत त्यात असली माणसं लागणारच आहेत, असं त्याने तुम्हाला समजावून सांगितलं. अर्ज मी भरला. खाली पालकाची सही तेवढी राहिली. तुम्ही तो हातात घेऊन बराच वेळ बघितलात आणि म्हणालात, "काम पुरा होवंदे, मगे सही करतंय." त्या एका वाक्यावर मी पुढचे दीड महिने काढले. आई म्हणायची, हिच्या अंगात काय शिरलंय, विहिरीवरून घागर घेऊन पळत येते.

आणि मग ती तीन फुटांची गोष्ट झाली. ठेकेदार आणि इंजिनिअर मांगरात उभे, तुमचे दोन सुतार कामावर, आणि तुम्ही ऐटीत सांगताय, मोकळी रुंदी तीन फूट. मी पटकन म्हटलं, तीन फूट नाही बाबा, साडेचार सूत कमी. इंजिनिअरने मान हलवली, ठेकेदार हसला, सुतारांनी खाली बघितलं.  माणसं गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मी चुलीपुढे बसले होते. तुम्ही आवाजसुद्धा चढवला नाहीत. "चार माणसांत माझ्या मापार बोट ठेवूचा नाय. काय सांगूचा ता घरात सांग. परत तोंड उघडलंस तर तो कागद चुलीत घालतलंय." कुठला कागद, नकाशा की अर्ज, हे तुम्ही सांगितलं नाहीत. मला विचारायचा धीर झाला नाही. आई शेजारी मासे साफ करत होती, तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मापाची काठी करायला बसलात. अशी काठी तुमच्या प्रत्येक कामाला असायची. एका सरळ लाकडी रिपेवर सगळ्या खुणा एकदाच करायच्या आणि मग प्रत्येक तुकडा त्या काठीवरून आखायचा, आधी आखलेल्या तुकड्यावरून कधीच नाही. एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं करत गेलं की केसाएवढी चूक शेवटी बोटाएवढी होते, हे तुमचंच म्हणणं. ते सोळा आणे खरं आहे. मी आजही पोरांना हेच सांगते, तुमचं नाव न घेता. तुम्ही लोखंडी कंपास घेतलात आणि रिपेच्या कडेपासून पावलं टाकत निघालात. पहिलं टोक अगदी कडेवर टेकवलंत आणि म्हणालात, "लाभ." खळ्यात भात मोजताना पहिल्या मापाला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, तसं. मग दोन, तीन, चार. कंपास थोडा उघडत, थोडा मिटत, तीनचार फेऱ्या झाल्या, आणि शेवटी दुसऱ्या कडेवर बरोबर 'नऊ' आले तेव्हा तुमचं समाधान झालं. भाताचं माप असतं तर ते नऊ झालेच असते. पण इथे तुमचा लाभ कडेवर खर्ची पडला होता. खुणा नऊ, म्हणजे भाग आठ. कुंपणाला नऊ खुंट मारले तर मधे आठच गाळे पडतात, तसं. दोन्ही कडा सोडल्या तर गज उरले सात. मी दारात तांदूळ निवडत होते. सुपातला हात थांबला, पण मी गप्प राहिले. मांगरात दोन सुतार होते. चार माणसांत बोलायचं नाही, हा तुमचाच हुकूम.

त्यानंतर तीनेक आठवडे भोकं पाडायचं गिरमीट फिरत राहिलं. चव्वेचाळीस चौकटी, प्रत्येकीला वरचा आणि खालचा असे अठ्ठ्याऐंशी आडवे तुकडे, प्रत्येकात सात भोकं. ऐनाच्या लाकडाचा भुसा अंगणात लालसर पसरलेला आणि तुम्ही खुशीत. काम असं देखणं होत होतं की वाटेने जाणारी माणसं आत डोकावायची. सगळी भोकं एका ओळीत, कुठे सुताचाही फरक नाही. चुकीचं कामसुद्धा तुम्ही किती सफाईने करायचात.

ओरोसला चौकटी गेल्या त्या दिवशी मीही आले होते. तुम्हीच चल म्हणालात. कट्ट्याहून कसालमार्गे एसटी, मी खिडकीला, तुम्ही डोक्याला धुतलेली टोपी घालून. मी मनाशी म्हणत होते, आज काम पुरं होणार, आज सही. खिडकीच्या निम्म्या उंचीवर गज सरळ धरायला एक आडवी लोखंडी पट्टी असते आणि प्रत्येक गज तिच्या भोकातून खाली उतरतो. त्या पट्ट्या त्याच नकाशावरून कोल्हापूरला भोकं पाडून आल्या होत्या. पहिल्या चौकटीत पट्टी धरली. पहिला गज वरून सोडला, तो पट्टीच्या भोकाशी येऊन अडला. गवंडी म्हणाला, पट्टी उलटी धरलीय. उलटी केली. मग कुणीतरी भोकं मोजली. पट्टीत आठ, चौकटीत सात.

मी आत्ता हे लिहिते आहे आणि ते सगळे तसेच माझ्यासमोर उभे आहेत. इंजिनिअर खिशातून नकाशा काढतो, दगडावर पसरतो, बोट ठेवून म्हणतो की नऊ भाग स्पष्ट लिहिले आहेत. ठेकेदार तुमच्याकडे बघतो. तुम्ही टोपी काढता, परत घालता. मला वाटतं, आता तुम्ही सांगाल की मोजताना चूक झाली. एवढंच सांगायचं होतं. चाळीस वर्षं चौकटी करणाऱ्या माणसाची एक चूक कुणीही पोटात घातली असती. पण तुम्ही माझ्याकडे, पोटच्या चेडवाकडे, बोट केलंत आणि म्हणालात, "वाचलेला चेडवान. तिका इचारून केलंय." झालं. ठेकेदार म्हणाला की बायकांच्या हातात नकाशा दिल्यावर दुसरं काय होणार, आणि गवंडीसुद्धा हसले. इंजिनिअर हसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मला त्या हसण्याहून जास्त लागलं, कारण त्याने माझ्याबद्दलचं आपलं मत तिथल्या तिथे बदलून टाकलं.  परतीच्या एसटीत तुम्ही पुढे बसलात आणि मी मागे.

सगळे अठ्ठ्याऐंशी तुकडे तुम्ही पुन्हा नव्याने केलेत. चौकटींचे सांधे एकेक करून सोडवताना मी तुम्हाला पाहिलं, तेही सांगते. मला वाईट वाटलं नाही. अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते तेव्हा मी तो घेऊन मांगरात आले. पेनही आणलं होतं. तुम्ही एक तुकडा रंधत होतात. मी म्हटलं, सही. तुम्ही रंधा थांबवला नाहीत. "नको," म्हणालात. त्यापुढे काही नाही, कारण नाही, ओरडणं नाही. मी आत जाऊन भाताला पाणी ठेवलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान काही वर्षांचं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. माणूस चांगला मिळाला, मास्तर, न बोलणारा. एकदा तुम्ही कुडाळला आमच्याकडे आला होतात. जेवणाआधी खिडकीशी उभे राहून गजांवरून बोट फिरवत होतात, ओठ हलत होते. मोजत होतात, हे मला कळलं. मी ताट वाढलं आणि सुरमईचा मोठा तुकडा तुम्हाला घातला, पण जवळ बसले नाही. त्यानंतर दोन वर्षांत तुम्ही गेलात. मी नकाशे शिकले ते चौतिसाव्या वर्षी, दोन मुलं शाळेत घालून, बाजारातल्या एका संगणकाच्या वर्गात. माझ्या बाकावर माझ्या निम्म्या वयाची पोरं. तो अर्ज वेळेवर गेला असता तर पंधरा वर्षं आधी शिकले असते. ती पंधरा वर्षं मी तुमच्या नावावर मांडलेली आहेत.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. नवऱ्याला सांगितली, मुलांना सांगितली, कारखान्यात जे नवीन पोर येतं त्याला पहिल्याच आठवड्यात सांगते. माझ्या वडलांनी खुणा मोजल्या आणि भाग मोजले नाहीत, आणि चारचौघांत खोटं बोलून माझ्या माथी मारलं. मुलं हसतात, आणि मोजणी त्यांच्या कायमची लक्षात राहते. परवा एक नवीन मुलगी आली आहे, कणकवलीकडची, फार बारीक बघणारी. ती हसली नाही. तिने विचारलं, "मॅडम, चार माणसांत नको, पण तुम्ही घरी का नाही सांगितलंत? त्यांनी घरात सांग म्हटलं होतं ना?" मी म्हटलं, ते ऐकणारे नव्हते. ती बरं म्हणाली आणि आपल्या कामाला लागली. माझं मात्र त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.

काठी झाल्याच्या तिसऱ्या दिवशीची सकाळ, बाबा. आई विहिरीवर होती, सुतार यायचे होते. मी घावणे घालत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. न्याहारी मागायला तुम्ही कधी आत येत नसायचात, म्हणून मी वळून बघितलं. तुमच्या हातात ती काठी होती. तुम्ही आत येऊन उकिडवे बसलात आणि ती माझ्यासमोर जमिनीवर ठेवलीत. "बघ गो जरा," म्हणालात. "नऊ भाग सांगितलंस, ते हेच मां?" तुमच्या आवाजात असं काही होतं जे मी आधी ऐकलं नव्हतं. तुम्हाला शंका आली होती आणि ती घेऊन तुम्ही माझ्याकडे आला होतात. तोवर पाचसहा तुकडेच झाले होते. मी काठी उचललीसुद्धा नाही. नजरेने मोजलं. आठ. आणि मी म्हटलं, "होय. बरोबर आसा."

का म्हटलं तेही मला तेव्हाच माहीत होतं. ओरोसला, इंजिनिअरसमोर, चार माणसांत तुमचं माप चुकलेलं मला बघायचं होतं. तुम्ही ते माझ्या नावावर ढकलाल असं मात्र वाटलं नव्हतं. तुम्ही "इचारून केलंय" म्हणालात तेव्हा ते अक्षरशः खरं होतं, आणि ते खरं आहे हे तिथे फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. तुम्ही सही का केली नाहीत याचा मी चाळीस वर्षं तमाशा केला. ते कारण तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत, आणि मी ते कुणाला कळू दिलं नाही.

सही करायला हवी होती असं मला अजूनही वाटतं. मी खोटं बोलले असले तरी करायला हवी होती. पण उद्या त्या मुलीने परत विचारलं, तर मी तिला हेच सांगेन की तुम्ही ऐकणारे नव्हतात.